डीबी बदलायचाय? आधी मंजूर भार वाढवून घ्या

नवा एसी बसला की डीबीतला, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीतला, एमसीबी (भार जादा झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडायला लागतो. मग कुणीतरी सांगतं, "16चा काढा, 32चा टाका." असलं काही करू नका. एमसीबी वायरच्या राखणीला असतो. भिंतीत 2.5 स्क्वेअर एमएमची वायर तशीच ठेवून 32 अँपिअरचा एमसीबी लावला, तर तो पडायचा थांबेल, पण वायर आतल्या आत तापत राहील.

आधी वीजबिलावरचा 'मंजूर भार', म्हणजे एकावेळी किती वीज वापरायची परवानगी आहे, तो आकडा पाहा. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट, गिझर दोन, इंडक्शन दोन. तिन्ही एकदम चालले की साडेपाच किलोवॅट, म्हणजे जवळपास 24 अँपिअर. बिलावर 2 किलोवॅट असेल तर भारवाढीचा अर्ज करायला हवा. सिंगल फेज, म्हणजे एका जिवंत तारेचा पुरवठा, साधारण 40 अँपिअरपर्यंत मिळतो, त्यापुढे तीन जिवंत तारांचा थ्री फेज. थ्री फेजचा डीबीच वेगळा असतो, त्यामुळे मंजुरीआधी खरेदी नको.

अर्ज महावितरणच्या पोर्टलवर, अ‍ॅपवर किंवा उपविभागीय कार्यालयात करता येतो. मुंबईत तुमचं बिल बेस्ट, अदानी किंवा टाटाचं असेल तर तिकडे. अर्जदार म्हणजे बिलावर नाव असलेला ग्राहक. मीटर अजून दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या. भाडेकरूने घरमालकाची लेखी संमती जोडावी. थकबाकी असेल तर ती आधी भरा. सोबत ताजं बिल, ओळखपत्र आणि टेस्ट रिपोर्ट, म्हणजे घरातल्या वायरिंगच्या तपासणीचा अहवाल.

खरी मेख या टेस्ट रिपोर्टमध्ये आहे. त्यावर परवानाधारक विद्युत ठेकेदाराची सही लागते. घरी न येता सही देणारे महाभागही भेटतात. त्यांना नमस्कार करून दुसरा माणूस शोधा. काम करणाऱ्याकडे तारतंत्री (वायरमनचा) परवाना आहे का, हे विचारण्यात संकोच नको. 500 व्होल्टच्या मेगरवर (वायरचं आवरण तपासायचं यंत्र) वायरिंगचा इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे आवरणाचा वीज अडवण्याचा आकडा, किमान 1 मेगाओहम यायला हवा. तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. जुना डीबी उघडलाच आहे तर न्यूट्रल लिंककडेही (सगळ्या न्यूट्रल वायरी जोडायची पट्टी) नजर टाका. सैल स्क्रूपाशी वायरचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसलं तर तेवढा तुकडा कापून नवं टोक बसवायला सांगा.

नव्या डीबीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. एमसीबी शॉर्ट सर्किट आणि जादा भार पाहतो. माणसाला बसणारा शॉक त्याला कळत नाही.

अर्ज तपासला की कोटेशन येतं. त्यात जोडणीचा खर्च आणि वाढीव सुरक्षा ठेव असते. केंद्राच्या 2024च्या सुधारित नियमांनुसार जोडणीतल्या बदलाला महानगरात 3, इतर नगरपालिका क्षेत्रात 7 आणि ग्रामीण भागात 15 दिवसांची मुदत आहे. सोसायटीची मेन केबलच अपुरी असेल तर मात्र काम लांबतं.

मीटरचं सील वायरमनला तोडू देऊ नका. ते काम कंपनीच्या माणसाचं. दुसऱ्याने सील तोडणं हा वीज कायद्याच्या कलम 138 खाली गुन्हा आहे. डीबी बसल्यावर आरसीसीबीवरचं 'टी' बटण दाबा. तो पडला नाही, तर उरलेले पैसे देऊ नका.