टेस्टिंग हे वेगळं काम कसं झालं?

९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डमधल्या मार्क टू संगणकाच्या एका रिलेत (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) पतंग जातीचा किडा अडकलेला सापडला. तो नोंदवहीत चिकटवून शेजारी लिहिलं गेलं की खराखुरा ‘बग’, म्हणजे किडा, सापडल्याची ही पहिलीच वेळ. सॉफ्टवेअर टेस्टिंगचा इतिहास सहसा इथूनच सांगतात. पण शब्द त्याहून जुना आहे. एडिसनच्या १८७८ मधल्या पत्रात यंत्रातल्या दोषांना तो ‘बग’च म्हणतो. शिवाय पतंग शोधून काढून टाकणं हे झालं डीबगिंग. टेस्टिंग वेगळं.

हा फरक स्पष्टपणे मांडला जायला आणखी दहा वर्षं गेली. तोवर प्रोग्राम लिहिणाराच तो चालवून बघायचा, अडला की दुरुस्त करायचा आणि चालला की काम संपलं असं मानायचा. १९५७ मध्ये संगणक क्षेत्रातले चार्ल्स बेकर यांनी दोन प्रश्न वेगळे केले: प्रोग्राम चालतो का, आणि ज्यासाठी लिहिला ते काम तो करतो का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोड कितीही वाचला तरी त्यात मिळत नाही, त्यासाठी आधी गरज काय होती हे माहीत असावं लागतं.

तरीही टेस्टिंग म्हणजे ‘प्रोग्राम बरोबर आहे हे दाखवणं’ हीच समजूत बराच काळ टिकली. १९७९ मध्ये ग्लेनफर्ड मायर्स यांनी टेस्टिंगवरच्या आपल्या पुस्तकात ती उलटी केली: चूक सापडावी या हेतूने प्रोग्राम चालवणं म्हणजे टेस्टिंग. त्यांचं उदाहरण अगदी साधं आहे. तीन बाजूंची लांबी घेऊन त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज हे सांगणारा प्रोग्राम. तो बरोबर आहे हे दाखवायला बसलेला माणूस ५, ५, ५ देतो, मग ३, ४, ५ देतो आणि उठतो. चूक शोधायला बसलेला १, २, ३ देतो. दोन बाजूंची बेरीज तिसरीइतकीच, म्हणजे हा त्रिकोणच नाही. प्रोग्रामने मात्र खुशाल ‘विषमभुज’ म्हटलेलं असतं. मग तो ३, १, २ देऊन बघतो, शून्य देतो, ऋण संख्या देतो, दोनच आकडे देतो. बाउंड्री व्हॅल्यू (अगदी सीमेवरचे आकडे देऊन बघणं), निगेटिव्ह टेस्ट (मुद्दाम चुकीची माहिती देऊन बघणं) या आज पाठ केल्या जाणाऱ्या व्याख्या मुळात या वृत्तीतून आल्या आहेत, आणि वृत्ती न कळता व्याख्या पाठ करण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

क्वालिटी अश्युरन्स, म्हणजे दर्जाची हमी, आलं ते कारखान्यांतून. तयार माल तपासून दोष पूर्ण जात नाहीत, माल बनवण्याची रीतच सुधारावी लागते, हा तिथला धडा होता. सॉफ्टवेअरमध्ये तो किती खरा आहे हे थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने दाखवलं. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना त्यातून किरणांची प्रचंड मात्रा गेली, त्यांतले काही दगावले. यांतल्या काही अपघातांमागचं कारण असं: ऑपरेटरने चुकून क्ष-किरणांचा पर्याय टाइप केला आणि आठ सेकंदांच्या आत तो बदलला, तर पडद्यावर बदल दिसायचा, यंत्रापर्यंत मात्र नीट पोचायचा नाही. सरावाने हात चालू लागलेल्यांकडूनच हे घडत होतं. आधीच्या थेरॅक-२० मध्येही असाच दोष होता, पण तिथे हार्डवेअरचं कुलूप मात्रा अडवायचं. नव्या यंत्रात ते काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता. आणि त्या सॉफ्टवेअरच्या सुट्या भागांची चाचणी फारच थोडी झाली होती.

नव्या यंत्रात सॉफ्टवेअर नीट न तपासता त्यावर भरवसा टाकण्याची अशीच चूक ४ जून १९९६ रोजी एरियन ५ रॉकेटला भोवली. एरियन ४ मध्ये वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला कोड त्यात जसाच्या तसा घेतला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यामुळे ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही आणि चाळीसेक सेकंदांत रॉकेटचे तुकडे झाले. नंतर उड्डाणाची खरी आकडेवारी देऊन जमिनीवरच सिम्युलेशन केलं, तेव्हा बिघाडाची तीच साखळी जशीच्या तशी पुन्हा दिसली.