दुर्बीण एक, वाटा दोन

पोटातल्या बाळाची किडनी सुजलेली दिसते, असं सोनोग्राफीत निघालं की ठाण्यातल्या घरांत पहिला प्रश्न येतो, "दुर्बिणीतून होईल ना?" ऑपरेशन झालं, काही आठवड्यांनी नळी काढायला बोलावलं की दुसरा, "झालं ना एकदा दुर्बिणीतून, आता परत कशाला?" प्रश्न रास्तच आहे. आपल्याकडे शब्द एक, पण दुर्बिणी दोन आहेत आणि त्यांचे इतिहासही निराळे.

जुनी दुर्बीण लघवीच्या वाटेनं आत जाते, कुठेही चिरावं लागत नाही. जर्मन डॉक्टर माक्स नित्झेंनी १८७९ मध्ये ती व्हिएन्नात दाखवली तेव्हा विजेचा दिवाही तिच्यात नव्हता. उजेड तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेचा, आणि मूत्राशय भाजू नये म्हणून भोवती गार पाणी खेळतं ठेवलेलं! तान्ह्या बाळाच्या मार्गात असलं धूड जाणार कसं? मार्ग निघाला ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या १९५९ च्या रचनेतून. तोवर नळीत हवा आणि मधेमधे काचेची भिंगं असत. त्यांनी उलटं केलं: लांब काचेच्या कांड्या बसवल्या आणि मधल्या हवेच्या फटींकडून भिंगाचं काम करून घेतलं. उजेड वाढला, नळी बारीक झाली. मुलग्यांच्या मूत्रमार्गातल्या, लघवी अडवणाऱ्या जन्मजात झडपा आज याच वाटेनं कापतात.

दुसरी दुर्बीण पोटाला भोकं पाडून जाते. १९७६ मध्ये इटलीत न उतरलेला अंडकोश तिनं शोधला, पण तेव्हा ती नुसती बघायची. १९९० मध्ये अमेरिकेत डॉ. क्लेमन यांनी तिच्या मदतीनं मूत्रपिंड काढलं. त्याच वर्षी मुंबईत जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी पित्ताशय काढलं.

कापून काढणं त्या मानानं सोपं, शिवणं कठीण. किडनी सुजवणारा, तिच्या तोंडाशी आवळलेला भाग कापून मूत्रवाहिनी पुन्हा जोडायची उघडी शस्त्रक्रिया १९४९ पासून होती. दुर्बिणीतून ती मुलावर केल्याचं अमेरिकी सर्जन क्रेग पीटर्स यांनी १९९५ मध्ये नोंदवलं. तीन ते पाच मिलिमीटरची हत्यारं आणि केसासारखा धागा! उशीर का लागला ते यातच आलं.

जोड भरेपर्यंत बहुधा आत एक मऊ नळी ठेवतात, एक वेटोळं किडनीत, दुसरं मूत्राशयात. ठेवते पोटातली दुर्बीण. काढताना मात्र नित्झेंची वाट धरावी लागते: लघवीच्या मार्गानं जाऊन खालचं वेटोळं चिमट्यात पकडायचं आणि अलगद ओढायचं.