'करवियले', पण कोरले कुणी?

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेली 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही ओळ मराठीतला आद्य शिलालेख म्हणून शाळेपासून सगळ्यांना पाठ. तीच गोष्ट तिथे कन्नडमध्ये 'माडिसिदं' अशी आहे, तमिळमध्येही आहे. तिन्ही क्रियापदं प्रयोजक: केलं नव्हे, करवून घेतलं. मूर्ती कुणी घडवली, अक्षरं कुणी कोरली, यावर दगड गप्प.

गंमत अशी की या ओळीच्या वयाचा वाद त्या निनावी पाथरवटाच्या हातावरच येऊन अडतो. शेजारी दुसरी ओळ आहे, 'श्रीगंगराजे सुत्ताले करवियले'. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीचं आवार. चावुण्डराज म्हणजे गंग राजांचा मंत्री-सेनापती चामुंडराय, दहाव्या शतकाच्या अखेरचा, तर गंगराज होयसळ राजांचा सेनापती, बाराव्या शतकाच्या आरंभीचा. म्हणजे दोन ओळींत शंभरावर वर्षांचं अंतर दिसायला हवं, आणि अक्षरांचं वळण तर एकच! दोन्ही ओळी गंगराजाच्या वेळी एकदमच खोदल्या, असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि मला ते पटतं. मग या ओळीचं 983 हे लाडकं साल सोडावं लागतं आणि आद्य मराठी शिलालेखाचा मान अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाकडे जातो, शके 934 म्हणजे 1012.

'लेख लिहिला' या शब्दानंही घोळ होतो. मजकूर रचणारा वेगळा, तो दगडावर आखून देणारा वेगळा, छिन्नी चालवणारा वेगळा. कधी एकाच माणसाकडे दोन कामं. संस्कृत ताम्रपटांच्या शेवटी 'लिखितं' (लिहिलं) आणि 'उत्कीर्णं' (कोरलं) असे दोन शब्द अनेकदा येतात ते यामुळेच. कोरणाऱ्याला वाचता येत असेलच असं नाही, म्हणून गळलेला काना किंवा उलटसुलट अक्षर ही भाषेची चूक की हाताची, हे दर वेळी तपासावं लागतं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी गधेगाळीवर, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी देणाऱ्या दगडावर, त्या शिवीचं चित्रच कोरलेलं असे. वर चंद्रसूर्य, दान तेवढा काळ टिकावं म्हणून.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या मागणीत नाणेघाटच्या ब्राह्मी लेखाचा दाखला पुढे होता. कोरणाऱ्यांचा विषय तेव्हाही निघाला नाही.

आज कोनशिलेवर 'यांच्या शुभहस्ते' असतं. ग्रॅनाइटवर रबरी स्टेन्सिल चिकटवून वाळूचा फवारा मारला की अक्षरं उमटतात. चूक झालीच तर ती टाइप करतानाच झालेली असते.