इनसोलच्या डिझाइनमधला वेळ कुठे वाचवावा

मधुमेह जुना झाला की अनेकांच्या पायाच्या नसा बधिर होत जातात. चवड्याच्या एकाच जागी रोज दाब पडत राहतो, आधी घट्टा होतो, मग त्याच्याखाली जखम. माणसाला दुखत नाही, म्हणून तो चालतच राहतो. अशा पायासाठी बनवलेल्या इनसोलचं, म्हणजे बुटाच्या आत तळव्याखाली बसणाऱ्या थराचं, काम म्हणजे तो दाब तिथून काढून उरलेल्या तळव्यावर पसरवणं. शरीराचं वजन तेच राहतं, टेकणारी जागा वाढते. एकदा जखम होऊन भरलेल्या पायाला बुटाच्या आत कुठेही 200 किलोपास्कलपेक्षा जास्त दाब पडू नये, असं उद्दिष्ट तज्ज्ञ ठेवतात.

पूर्वी यासाठी प्लास्टरचा पाय ओतून तो घासून, भरून दुरुस्त करत. आता पायाचा स्कॅन घेऊन आकार पडद्यावर ठरतो आणि मशीन ईव्हीए या फोमसारख्या साहित्याच्या ठोकळ्यातून इनसोल कोरून काढतं. तरीही काही जण एकेका जोडीवर फार वेळ घालवतात, कारण ते स्कॅनचा पृष्ठभाग माउसने ओढून आकार देतात. टाचेच्या वाटीची खोली, कमानीची उंची, उताराचे अंश, जाडी हे सगळं आकड्यांत ठेवलं तर एक आकडा बदलताच बाकीचा आकार आपोआप जुळतो. मधुमेही पाय, सपाट पाय, टाचदुखी अशा नेहमीच्या प्रकारांचे टेम्पलेट, म्हणजे तयार नमुने, एकदा नीट बनवून ठेवले की रोजचं अर्धं काम आधीच झालेलं असतं.

पण चवड्यामागच्या पॅडची जागा टेम्पलेटवर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. हा छोटा उंचवटा बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या टोकांच्या किंचित मागे हवा. काही मिलिमीटर पुढे सरकला की तो त्याच टोकांखाली येतो आणि कमी करायचा तो दाब उलट वाढवतो. टेम्पलेट ही जागा पायाच्या लांबीवरून काढतं. हाडांच्या टोकांची रेषा मात्र दोन माणसांची सारखी नसते, एकाच माणसाच्या दोन पायांचीही नसते. म्हणून डाव्याची नक्कल उलटवून उजव्याला लावणंही टाळावं. स्कॅनच्या आधी बोटाने चाचपून ती टोकं आणि घट्टे त्वचेवर पेनाने खुणावून घ्यावेत. रंग टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये खुणा जशाच्या तशा उमटतात आणि पॅड कुठे ठेवायचं याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही.

इनसोलची बाहेरची कड पायावरून काढू नये, बुटातल्या जुन्या इनसोलवरून काढावी. नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये वाचलेला वेळ कडा घासण्यात जातो.

पुढच्या जोडीसाठी जुनी फाइल हाताशी असते, पण मधुमेही पायाची हाडं खचून आकार बदलू शकतो. तेव्हा नवा स्कॅन घेऊन जुन्यावर ठेवून पाहावा. कमान खाली आली असेल तर फरक लगेच दिसतो, आणि मग काम इनसोलचं राहत नाही. रुग्णाला आधी डॉक्टरांकडे पाठवावं लागतं.