मनगटी घड्याळाचे यंत्र

तबकडीमागे राहून काटे फिरवणाऱ्या यंत्रणेला घड्याळाचे यंत्र किंवा मूव्हमेंट म्हणतात. चावीचे, ऑटोमॅटिक आणि क्वार्ट्झ हे त्याचे मुख्य प्रकार. सेकंदकाटा पाहिला की प्रकार बहुधा कळतो. क्वार्ट्झमध्ये तो सेकंदाला एक उडी घेतो. ताशी २८,८०० ठोक्यांच्या यांत्रिक घड्याळात सेकंदाला आठ बारीक पावले टाकतो आणि डोळ्यांना सरकल्यासारखा दिसतो.

चावीच्या घड्याळात गुंडाळलेली स्प्रिंग उलगडताना दंतचक्रे फिरवते. एस्केपमेंट ही शक्ती थोडीथोडी सोडते आणि बॅलन्स चक्र ताल धरते. चावी देताना चिमटीत बारीक किरकिर जाणवते, मग ती जड होत जाते आणि स्प्रिंग भरली की बोटे आपोआप थांबतात. एचएमटीचे ‘जनता’ वापरलेल्यांना हा स्पर्श चांगला ठाऊक आहे. उंची घड्याळांतही त्याचे मोल टिकून आहे. शिवाय ऑटोमॅटिकमधले रोटर हे फिरते वजन नसल्याने घड्याळ पातळ राहते आणि मागच्या काचेतून यंत्राच्या हाताने घासून चमकवलेल्या कडा मोकळ्या दिसतात.

ऑटोमॅटिकमध्ये हाताच्या हालचालीने जड रोटर फिरतो आणि स्प्रिंग भरत राहते. रोज वापरायला हेच सर्वांत सोयीचे यांत्रिक घड्याळ.

अचूकतेत मात्र क्वार्ट्झ सरस. सेलवर क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की नेमका सेकंदाला एक ठोका उरतो. यांत्रिक घड्याळाच्या अचूकतेच्या स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्राला दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे इतकी चूक चालते, तर सेको या जपानी कंपनीच्या ‘ग्रँड सेको’ घड्याळांतले ९एफ क्वार्ट्झ वर्षाला दहा सेकंदांच्या आत राहते. म्हणून क्वार्ट्झला सरसकट हलके लेखणे अन्यायाचे आहे.

सेकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. किंमत ४,५०,००० येन. पुढे स्वस्त क्वार्ट्झने स्विस कारखाने हादरले. १९७५ मध्ये झेनिथ या स्विस कंपनीच्या अमेरिकी मालकांनी यांत्रिक उत्पादन थांबवण्याचा आदेश दिला, तेव्हा ल लोक्ल येथील कारागीर शार्ल व्हेर्मो यांनी ‘एल प्रिमेरो’ यंत्राची हत्यारे आणि साचे गुपचूप माळ्यावर लपवले आणि त्यांची नोंदही लिहून ठेवली. हे यंत्र ताशी ३६,००० ठोक्यांचे, सेकंदाचा दहावा भाग मोजणारे. ऐंशीच्या दशकात यांत्रिक घड्याळांना पुन्हा मागणी आली, तेव्हा माळ्यावरच्या त्या ठेव्यामुळे त्याचे उत्पादन परत सुरू करता आले. १९८८ पासून रोलेक्सच्या डेटोना घड्याळातही काही बदल करून तेच बसू लागले.

१९९९ मध्ये सेकोने बाजारात आणलेल्या ‘स्प्रिंग ड्राइव्ह’मध्ये शक्ती स्प्रिंगची आणि लगाम स्फटिकाचा असतो. सेल नसतो, फिरत्या चक्रातूनच वीज तयार होते, तिच्यावर स्फटिक चालतो आणि चुंबकीय ब्रेक त्या चक्राचा वेग आवरतो. यात ठोकाच नाही, त्यामुळे सेकंदकाटा जरासुद्धा न थबकता तबकडीवरून वाहत जातो.