वर्गाचा पट आणि वर्गरचना यांवरचे शिक्षक करार, ब्रिटिश कोलंबिया

कॅनडाच्या पश्चिम टोकाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सरकारी शाळांतल्या शिक्षकांची युनियन आणि शाळांचा मालकपक्ष यांच्यात जो सामूहिक करार होतो, त्यातली ही कलमं. एका वर्गात जास्तीत जास्त किती मुलं घ्यायची, त्यात विशेष गरजा असलेली किती असावीत, आणि जिल्ह्यातल्या एकूण मुलांमागे किती स्पेशल एज्युकेटर, किती समुपदेशक, किती ग्रंथपाल-शिक्षक नेमायचे हे त्यात आकड्यांत लिहिलेलं असतं. युनियन म्हणजे ब्रिटिश कोलंबिया टीचर्स फेडरेशन, तिकडे सगळे बीसीटीएफच म्हणतात, आणि समोर १९९४ पासून सगळ्या शाळा बोर्डांच्या वतीनं बोलणारी मालकांची संघटना बीसीपीएसईए. आपल्याकडे पट आणि शिक्षकांचं प्रमाण आरटीई आणि संचमान्यतेतून ठरतं, संघटना निवेदनं देतात, मोर्चे काढतात, पण तो आकडा काही शिक्षक आणि मालक यांच्या सहीच्या करारातला नसतो, त्यामुळे ही कल्पना मराठी वाचकाला जरा अनोळखी वाटेल.

यात दोन गोष्टी आहेत आणि त्या सारख्या मिसळल्या जातात. पट म्हणजे नुसती संख्या. वर्गरचना, तिकडचा शब्द क्लास कॉम्पोझिशन, म्हणजे त्या संख्येत कोण कोण आहे ते. चोवीस मुलांच्या वर्गात एक ऑटिझम असलेलं मूल, एक ऐकू न येणारं, दोन वाचनात अडखळणारी आणि तीन नुकतीच दुसऱ्या देशातून आलेली असतील तर तो वर्ग आणि शेजारचा चोवीसचाच वर्ग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे ज्यानं एक दिवस जरी वर्ग सांभाळलाय त्याला सांगावं लागत नाही. सगळं भांडण खरं तर या दुसऱ्या गोष्टीवरून झालं, पटावरून त्या मानानं कमी.

सुरुवात नेमकी कधी धरायची यावर एकमत नाही. एक मत असं की मूळ १९७४ मध्ये आहे, तेव्हा व्हँकुव्हरजवळच्या सरे शहरातले शिक्षक एक दिवस काम बंद ठेवून वर्गसंख्येच्या प्रश्नावर थेट राजधानी व्हिक्टोरियाला विधानसभेवर गेले आणि सरकारनं शिक्षक-विद्यार्थी प्रमाण टप्प्याटप्प्यानं कमी करायचं कबूल केलं. दुसरं मत कायद्याकडे बघणाऱ्यांचं, ते म्हणतात की १९८७ पर्यंत शिक्षकांना कायद्यानं वाटाघाटी करता यायच्या त्या पगार आणि भत्त्यांपुरत्याच, कामाच्या परिस्थितीवर बोर्डानं मनावर घेतलं तर बोलणं व्हायचं, त्यामुळे बंधनकारक पटमर्यादा त्याआधी असणं अवघड आहे. आणखी एक बारकावा म्हणजे १९७४ ची मागणी पटाची होती, रचनेची नव्हे, कारण तेव्हा विशेष गरजा असलेली पुष्कळशी मुलं वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या शाळेतच असायची, आणि साधारण ऐंशीच्या दशकात ती नेहमीच्या वर्गात यायला लागल्यावरच रचनेचा प्रश्न करारात आला असावा. हे दुसरं मत जास्त पटणारं आहे. सरेचा मोर्चा महत्त्वाचा खराच, पण त्यातून मिळालं ते सरकारचं आश्वासन, आणि आश्वासन सरकार बदललं की जातं, करारातलं कलम मोडलं तर तक्रार घेऊन लवादाकडे जाता येतं. हा फरक पुढच्या सगळ्या गोष्टीचा कणा आहे.

१९८७ च्या कायद्यानं पूर्ण वाटाघाटीचा हक्क मिळाल्यावर तेव्हाच्या ७५ शाळा-जिल्ह्यांत स्थानिक युनियननी आपापले करार केले, त्यामुळे प्रत्येक ठिकाणची भाषा वेगळी. कुठे एका वर्गात विशेष गरजा असलेली इतकीच मुलं असं सरळ लिहिलं, कुठे असं मूल आलं की वर्गाचा पट एकानं किंवा दोनानं कमी करायचा असं, तर कुठे रचनेबद्दल जवळजवळ काहीच नाही. १९९४ नंतर वाटाघाटी प्रांताच्या पातळीवर गेल्या तरी ही जुनी स्थानिक कलमं तशीच चालू राहिली.

१९९८ मध्ये पहिल्यांदा प्रांतभरासाठी आकडे आले. बालवाडीत २०, पहिली ते तिसरी २२. आणि ज्यांच्याकडे स्वतःचा वर्ग नसतो अशा शिक्षकांसाठी प्रमाण ठरलं, ३४२ विद्यार्थ्यांमागे एक स्पेशल एज्युकेशनचा शिक्षक, ५०४ मागे एक अभ्यासात मागे पडणाऱ्यांना मदत करणारा, ६९३ मागे एक समुपदेशक, ७०२ मागे एक ग्रंथपाल-शिक्षक. इथे एक नीट लक्षात घ्यायला हवं, ३४२ हा आकडा विशेष गरजा असलेल्या मुलांचा नाही, जिल्ह्यातल्या एकूण मुलांचा आहे, बरेच जण इथे गोंधळतात.

जानेवारी २००२ मध्ये प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, गॉर्डन कॅम्पबेल यांच्या सरकारनं, शिक्षणमंत्री क्रिस्टी क्लार्क असताना, बिल २८ हे विधेयक आणलं आणि पट, रचना, प्रमाण ही सगळी कलमं कायद्यानं करारातून काढून टाकली, वर पुढे यावर वाटाघाटीच करायच्या नाहीत असंही ठरवलं. सरकारचं म्हणणं होतं की वर्गात किती मुलं हा शिक्षणधोरणाचा प्रश्न आहे. युनियनचं म्हणणं, ही आमच्या कामाची परिस्थिती आहे, आणि आमच्या कामाची परिस्थिती तीच मुलांच्या शिकण्याची परिस्थिती. २००६ च्या बिल ३३ नं चौथीपासून पुढे ३० ची मर्यादा आणली आणि वर्गात तीनपेक्षा जास्त आयईपीवाली, म्हणजे ज्यांचा वैयक्तिक शिक्षण आराखडा आहे अशी, मुलं असतील तर शिक्षकाशी सल्लामसलत करायची असं घातलं, पण ते कायद्यात होतं, करारात नाही, आणि २०१२ मध्ये ती तीनची अट गेलीसुद्धा.

कोर्टातली लढाई जवळजवळ पंधरा वर्षं चालली. २००७ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं आरोग्य कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सामूहिक वाटाघाटीला राज्यघटनेचं संरक्षण आहे असं मान्य केलं, तिथून शिक्षकांची बाजू भक्कम झाली. एप्रिल २०११ मध्ये न्यायमूर्ती सुझन ग्रिफिन यांनी बिल २८ मधला हा भाग घटनाबाह्य ठरवला आणि दुरुस्तीला एक वर्ष दिलं. सरकारनं २०१२ मध्ये बिल २२ करून बरंचसं तेच परत आणलं, जानेवारी २०१४ मध्ये ग्रिफिन यांनी तेही रद्द केलं आणि वर २० लाख डॉलरची भरपाई लावली. त्याच वर्षी जूनमध्ये शिक्षक पूर्ण संपावर गेले, सुट्टीनंतर शाळा वेळेवर उघडल्याच नाहीत, २२ सप्टेंबर उजाडला. २०१५ मध्ये अपील कोर्टानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला, एकटे न्यायमूर्ती इयन डोनाल्ड विरोधात होते, आणि १० नोव्हेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टानं सुनावणीच्याच दिवशी ७ विरुद्ध २ मतांनी, मुख्यतः डोनाल्ड यांचीच कारणं उचलून धरत, शिक्षकांच्या बाजूनं निकाल दिला. २००२ मध्ये बालवाडीत असलेली मुलं तोपर्यंत शाळा संपवून बाहेर पडली होती, त्यांना या निकालाचा काडीचा उपयोग झाला नाही, हे विसरता येत नाही.

मार्च २०१७ मध्ये समझोता झाला आणि २००२ पूर्वीची कलमं परत आली, त्यासाठी वेगळा निधी आला आणि तीन हजारांहून जास्त शिक्षकांची भरती झाली. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे भरपाईचं सूत्र. मर्यादा ओलांडली गेली तर महिन्याला १८० मिनिटं, गुणिले तो शिक्षक त्या वर्गाला महिन्यातला जेवढा भाग शिकवतो तो, गुणिले पटाच्या वरची मुलं अधिक रचनेच्या मर्यादेवरची मुलं. समजा दुसरीच्या वर्गात २२ च्या जागी २४ मुलं आहेत, तिथल्या करारात विशेष गरजा असलेली दोन मुलं अशी मर्यादा आहे आणि वर्गात तीन आहेत, शिक्षिका पूर्णवेळ तिथेच शिकवते. म्हणजे वरची मुलं दोन अधिक एक, तीन. १८० गुणिले तीन म्हणजे ५४० मिनिटं, महिन्याला नऊ तास. हे तास तिला तयारीसाठी मोकळा वेळ म्हणून घेता येतात, किंवा तेवढ्या वेळासाठी वर्गात दुसरा शिक्षक सोबत शिकवायला मागता येतो, किंवा वर्ग नसलेल्या शिक्षकाची जादा मदत. मात्र मर्यादा मोडायचीच नाही असं बंधन नाही, शाळेनं मर्यादा पाळायचा सर्व प्रयत्न करायचा आणि तरी जमलं नाही तर हे, असा क्रम आहे.

अडचणी इथूनच सुरू होतात. मोकळा वेळ कागदावर मिळतो पण त्या वेळी वर्ग घ्यायला बदली शिक्षकच मिळत नाही, आणि बदली नसला की सगळ्यात आधी स्पेशल एज्युकेशनच्याच शिक्षकाला दुसऱ्याच्या वर्गावर पाठवलं जातं, त्या दिवशी ज्या मुलासाठी त्याची नेमणूक आहे ते मूल तसंच राहतं. दुसरं, नव्वदच्या दशकातली कलमं तशीच परत आल्यानं त्यातले दिव्यांगत्वाचे प्रकार आजच्या सरकारी वर्गीकरणाशी जुळत नाहीत, मग कोणतं मूल मोजायचं यावर तक्रारी आणि लवाद. आणि मुलाच्या शेजारी दिवसभर बसणारे, त्याला जेवायला आणि शौचाला मदत करणारे एज्युकेशन असिस्टंट या करारात नाहीतच, त्यांची युनियन वेगळी, बहुतेक ठिकाणी क्यूपी ही सार्वजनिक सेवांतल्या कर्मचाऱ्यांची युनियन, त्यामुळे त्यांच्या संख्येला अशी प्रांतभर लागू होणारी मर्यादा या कलमांतून मिळत नाही.

पालकांच्या बाजूनं एक आक्षेप आहे आणि तो मनाला लागतो. वर्गात असं एकच मूल अजून बसू शकतं असं म्हटलं की ते मूल ओझं म्हणून मोजलं जातं, आणि आपल्या मुलाला याच कारणानं नको म्हणतील अशी भीती आईवडिलांना वाटते. युनियन यावर म्हणते की मर्यादा मुलाला बाहेर ठेवायला नाही, त्याच्यासोबत माणूस यावा म्हणून आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण आकडा काढून टाकला तेव्हा मुलं वर्गात राहिली आणि सोबतचा शिक्षक गेला, हे २००२ नंतर दिसलेलं आहे. पालकांना मिळालेला आधार वेगळ्या वाटेनं आला, ९ नोव्हेंबर २०१२ च्या मूर खटल्यात. नॉर्थ व्हँकुव्हरमधल्या वाचनाची तीव्र अडचण असलेल्या मुलाला पुरेशी मदत न देणं हा भेदभाव आहे असं सुप्रीम कोर्टानं ठरवलं, आणि विशेष शिक्षण ही चैन नसून सगळ्यांना दिलेल्या शिक्षणापर्यंत पोचायचा रॅम्प आहे असं म्हटलं. तो निकाल मूल आणि शाळा यांच्यातल्या हक्कावर होता, किती मुलांमागे किती शिक्षक हे त्यात कुठेच आलेलं नाही.