मणका बसवणे

मणक्यांच्या सांध्यांना हाताने ताण, पीळ किंवा झटका देऊन पाठ, कंबर व मानेचे दुखणे कमी करण्याचा उपचार. खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) हाडवैद्य, तालमीतले जाणते पैलवान आणि अलीकडे फिजिओथेरपिस्ट तो करतात.

उगमाविषयी मतभेद आहेत. हाडवैद्यांची परंपरा सहसा सुश्रुतसंहितेशी जोडतात. तिच्या निदानस्थानात सांधा निखळण्याचे सहा प्रकार येतात. मान पिळवटली किंवा आत दबली, तर मानेची मागची बाजू व जबडा धरून ती वर उचलावी, कुशा (आधारपट्ट्या) बांधून रुग्णाला सात रात्री उताणे निजवावे, असे चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. पण हा निखळलेल्या सांध्यावरचा इलाज. सांधा जागेवर असताना त्याला द्यायचा आखूड, वेगवान झटका यात दिसत नाही. त्यामुळे तालमीतल्या अंगमेहनतीचा व मालिशीचा वारसा अधिक जवळचा वाटतो. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील डेव्हनपोर्ट येथे सुरू केलेली, मणक्यांना हातांनी झटके देण्याची कायरोप्रॅक्टिक पद्धती स्वतंत्र आहे.

रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारे मजूर, तसेच कमरेची ओटी जड होत गेली तरी वाकूनच कपाशी वेचणाऱ्या बाया यांच्यात कंबरदुखी नेहमीची. रुग्णाला पालथे निजवून तेल चोळतात, मग तळहाताने दाब देतात. ‘कट्’ असा आवाज आला की मणका बसला, असा समज आहे. प्रत्यक्षात सांध्यातील वंगणद्रवावरचा दाब एकाएकी घटून पोकळी तयार होते, त्याचा हा आवाज. बोटांच्या सांध्यांवर २०१५ मध्ये केलेल्या एमआरआय चित्रणात ही पोकळी दिसली. आवाज न होताही आराम पडतो.

साध्या कंबरदुखीत याचा गुण व्यायामादी रूढ उपचारांइतकाच, बहुधा माफक. ठिसूळ हाडे, मणक्याचा क्षय, पायांतली ताकद जाणे, लघवी अडणे यांत झटका देऊ नये. मानेच्या झटक्याने धमनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत, ती विरळा.

उसण भरल्यावर पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाचा पाय पाठीला लावून घेतात, तो प्रकार येथे धरलेला नाही. त्यात गुण हाताचा नसून जन्माचा मानतात.